ओढ्यात पाणी आहे तोवर शिबिर भरवा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठांचे सन्माननीय कुलगुरू



पुढच्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक आपल्या कार्यालयात तयार होईल तेव्हा त्यात दिवाळीनंतरचा एक आठवडा परीक्षांपासून मोकळा ठेवावा, ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मागणी छोटी आहे. ती का करते आहे हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल, कारण वरवर वेळापत्रकाचा वाटणारा हा प्रश्न मुळात वेगळाच आहे. आपल्या मुलामुलींनी एकत्र काम करायला आणि एकमेकांना सांभाळून पुढे न्यायला नेमके कुठे शिकायचे, असा तो प्रश्न आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहते. आपल्या विद्यापीठाच्या रासेयो सल्लागार समितीचे अध्यक्षपद आपल्याकडेच असते, तेव्हा योजनेची माहिती मी आपल्याला सांगायला नको. तरी हे पत्र विद्यार्थी आणि पालकही वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू केली. शंभर स्वयंसेवकांचे एक युनिट असते. प्रत्येकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि युनिटमधल्या निम्म्या मुलांनी दत्तक गावात सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचे.

या सात दिवसांचे आता ठरावीक वेळापत्रक होऊन बसले आहे. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गटचर्चा, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम आणि सातव्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते समारोप. श्रमदानाच्या वाट्याला सकाळचे दोन-तीन तास येतात आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. आज शाळेचे मैदान, उद्या मंदिराचा परिसर, परवा स्मशानभूमीकडचा रस्ता. यातले कुठलेच काम वाईट नाही. पण सात दिवसांनंतर मुलांनी मागे वळून पाहिले तर ‘हे आम्ही उभे केले’ असे म्हणायला त्यांच्यापुढे काहीच नसते. झाडलेल्या मैदानावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाला पडतो.

दुसरीकडे महाविद्यालयांमध्ये नेतृत्वगुण विकासाच्या कार्यशाळा वाढल्या आहेत. बाहेरून प्रशिक्षक येतात, सभागृहात खुर्च्या गोलाकार मांडतात आणि मुलांचे चार-चारांचे गट करतात. त्यांचा एक खेळ बहुतेकांना माहीत असेल. स्पॅगेटीच्या २० काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरी आणि एक मार्शमेलो एवढे साहित्य देतात. १८ मिनिटांत जितका उंच मनोरा उभा करता येईल तितका करायचा आणि मार्शमेलो त्याच्या टोकावर ठेवायचा. पीटर स्किलमन यांनी हा खेळ रचला आणि टॉम वूजेक यांनी २०१० साली टेडच्या व्यासपीठावरून तो जगभर नेला. व्यवस्थापन शास्त्राच्या पदवीधरांपेक्षा बालवाडीतली मुले सरस ठरतात, हे त्यांचे निरीक्षण तेव्हा खूप गाजले. पदवीधर मंडळी बराच वेळ आखणीत आणि प्रमुख कोण हे ठरवण्यात घालवतात, शेवटच्या क्षणी मार्शमेलो वर ठेवतात आणि मनोरा कोसळतो. लहान मुले सुरुवातीपासूनच मार्शमेलो ठेवून पाहतात, पडले की पुन्हा बांधतात.

या खेळाला मी नावे ठेवत नाही. आधी थोडे करून पाहा, मग पुढे जा, हा त्यातला धडा खरा आहे. पण मनोरा पडतो तेव्हा कुणाचे काही बिघडत नाही. सगळे हसतात, चहा येतो आणि गट मोडतो. अठरा मिनिटांत कुणाचे हात भरून येत नाहीत, कुणी कुणावर मनापासून चिडत नाही, की चिडलेल्या माणसाशेजारी रात्री सतरंजी टाकून झोपायची वेळ येत नाही. मनोऱ्यावर कुणाची विहीर अवलंबून नसते. संघभावना जिथे खरोखर पणाला लागते, तिथपर्यंत हा खेळ पोहोचतच नाही. तिथवर नेणारे एक काम आपल्या गावागावांतल्या ओढ्यांवर आहे आणि त्याला पैसेही फारसे लागत नाहीत. मी वनराई बंधाऱ्याबद्दल बोलते आहे.

मोहन धारियांनी १९८६ साली ‘वनराई’ संस्था सुरू केली. या बंधाऱ्याला नाव तिचेच मिळाले आणि पुढे कृषी विभागानेही तो गावोगावी नेला. पावसाळा सरल्यावर ओढ्याला जी बारीक धार उरते, ती अडवण्यासाठी सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती ओढ्यातल्याच वाळू-मातीने भरून आडवी रचतात. बंधारा एका हंगामापुरता असतो. पुढच्या पावसात तो वाहून जातो किंवा त्याआधी काढून घेतात. त्या एका हंगामात गुरांना पाणी मिळते, काठाजवळच्या विहिरींना आधार मिळतो, एखाद-दुसऱ्या शेतकऱ्याच्या हरभऱ्याला एखादे पाणी जास्त देता येते. याहून मोठा दावा मी करणार नाही. पाणलोटाचा सारा प्रश्न पोत्यांनी सुटत नाही.

हे काम मुलांना काय शिकवते, ते मी जवळून पाहिले आहे.

बंधाऱ्याची जागा ठरवायला पहिल्या संध्याकाळी गावातल्या जाणत्या माणसांबरोबर शिवारफेरी काढावी लागते. ओढा अरुंद कुठे आहे, काठ पक्के कुठे आहेत, वरच्या अंगाला पाणी साठायला जागा कुठे आहे, हे पुस्तकात वाचून येत नाही. मुलांना साहजिकच रस्त्यालगतची जागा आवडते. तिथे सामान आणणे सोपे जाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काम दिसते. मग एखादे आजोबा काठीने पलीकडचा काठ दाखवतात आणि म्हणतात, “इथं नको पोरांनो, त्या बाजूनं खेकड्यांनी पोखरलंय. पाणी थांबायचं नाही.” मुलांनी ऐकायचे की नाही, हा त्या आठवड्यातला पहिला निर्णय. ऐकले तर सामान लांबवर वाहून न्यावे लागते. नेतृत्व म्हणून ज्याला आपण गौरवतो त्यात दुसऱ्याचे अनुभवाचे बोल मान्य करणे किती येते, हे मुलांना तिथे कळते. व्याख्यानातून ते कळल्याचे मी पाहिलेले नाही.

मग पायाचे काम. ओढ्याच्या तळातली सुटी वाळू, गोटे, कुजका पाला, गाळ सगळे उपसून खालचा मुरूम किंवा कातळ उघडा करावा लागतो. दोन्ही काठांतही पोती शिरतील अशा खाचा घ्याव्या लागतात. नाही तर वर कितीही सुबक भिंत रचा, पाणी खालून आणि कडेने वाट काढतेच. या कामात दिवसभरात दिसण्यासारखे काहीच उभे राहत नाही. गुडघाभर गार पाण्यात उभे राहून घमेली भरायची आणि उचलायची, एवढेच. दुपारपर्यंत मुले कंटाळतात. “मॅडम, पोती कधी रचायची?” हा प्रश्न सारखा येतो. कुणाला कधी दिसणार नाही असे काम नीट व्हावे म्हणून जो किंवा जी बाकीच्यांना धरून ठेवते, ते त्या गटाचे खरे नेतृत्व. बहुतेक वेळा ते गटप्रमुख म्हणून निवडलेल्या मुलाकडे नसते.

तिसऱ्या दिवशी पोत्यांना हात लागतो आणि तिथे सगळा गट उघडा पडतो. एक तुकडी पोती भरते, दुसरी दाभण-सुतळीने तोंडे शिवते, मधली साखळी पोती पुढे देते आणि शेवटची तुकडी पाण्यात उभी राहून ती रचते. सिमेंटचे पोते ओल्या वाळूने काठोकाठ भरले तर ते पन्नास किलोच्या पुढे जाते. भरणाऱ्यांना ते उचलावे लागत नाही. त्यांच्यात चढाओढ लागते ती किती भरली याची, आणि उत्साहाच्या भरात पोती गच्च होतात. साखळीत चौथ्या-पाचव्या हातालाच ती खाली आपटतात. शिवण उसवते, वाळू सांडते, पाण्यात उभी असलेली मुले रिकाम्या हातांनी ओरडत राहतात. मग कुणी तरी “जोर लावा, जोर लावा” म्हणायला लागतो. शाळा-महाविद्यालयात आपण पुढारी म्हणून ज्याचे कौतुक करतो तो हाच आवाज.

एका वर्षी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी हे थोडा वेळ पाहत उभी होती. ती ओरडली नाही. तिने मला विचारले, “मॅडम, भरणाऱ्यांना आणि रचणाऱ्यांना अर्धा तास जागा बदलायला सांगू का?” मी हो म्हटले. भरणारे पाण्यात उतरले, पाण्यातले भरायला आले. अर्ध्या तासाने सगळे आपापल्या जागी परतले तेव्हा पोती निम्मी-पाऊण भरून येऊ लागली. ती किती भरायची यावर एकही शब्द झाला नव्हता. तिने साखळीही बदलली. सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे होते, त्यामुळे प्रत्येक पोत्यामागे कंबर वळवावी लागत होती. तिने एकाआड एक मुले समोरासमोर उभी केली. त्या संध्याकाळी गटचर्चेत मी तिला बोलायला सांगितले, तर तिला फारसे सांगता आले नाही. तिचे काम मात्र सगळ्यांनी पाहिले होते आणि दुसऱ्या दिवसापासून अडले की मुले तिच्याकडे जाऊ लागली.

मी अर्थशास्त्राची, म्हणून मला इथे मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याची आठवण येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि १९१३ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसे वाढत जातात तसा एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर घटत जातो. आठ जण मिळून ओढू लागले की तो एकट्याने ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येतो. पुढच्या संशोधकांनी याची दोन कारणे वेगळी काढली. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही, हे पहिले. इतके जण ओढतायत तर माझ्यावाचून काय अडते, हे दुसरे. वर्गात गटाने करायच्या प्रकल्पात दुसरे कारण आपण सगळेच रोज पाहतो. पाच नावे छापलेला अहवाल एकाने लिहिलेला असतो. साखळीत ते चालत नाही. एक हात मागे राहिला की पोते तिथेच थांबते आणि कुठे थांबले ते साऱ्या रांगेला दिसते. त्यासाठी कुणाला रागवावे लागत नाही, हजेरी घ्यावी लागत नाही. कामाची रचनाच अशी आहे की प्रत्येकाचा वाटा उघड्यावर येतो. शिक्षक म्हणून मला या गोष्टीचे मोल फार वाटते.

पोती रचायची ती विटांच्या बांधकामासारखी, खालच्या थरातला सांधा वरच्या थरात मोडत. दोन भिंती उभ्या करून मधल्या जागेत चिकणमाती भरायची आणि पायांनी चोपायची. हे सगळे चालू असताना पाणी जायला मध्ये एक वाट मोकळी ठेवलेली असते. शेवटी ती बुजवायची. वाट जसजशी अरुंद होते तसतसा पाण्याला वेग येतो आणि अर्धवट बुजवून थांबलात तर तेच पाणी मधली माती धुऊन नेते. म्हणून दोन्ही बाजूंना पोती आधी रचून ठेवायची, माती हाताशी ठेवायची, कुणी काय करायचे ते आधीच वाटून घ्यायचे आणि एकदा सुरू केले की थांबायचे नाही. त्या काही मिनिटांत चर्चेला वाव नसतो. एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे.

हा एक कोण, हे ओढ्यावरच ठरते. एका शिबिरात तो मान ज्या मुलाकडे गेला त्याचा वर्गात कधी आवाज ऐकू आला नव्हता. घरची शेती, रात्री वीज येईल तेव्हा उठून दारे धरायला जायची सवय. पाणी कुठे फुटेल, कुठल्या क्षणी माती टाकली तर टिकेल आणि कुठल्या क्षणी वाहून जाईल, हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. विद्यार्थी प्रतिनिधी, वक्तृत्वात बक्षिसे मिळवणारा मुलगा, त्या वेळी साखळीत उभा राहून त्याने सांगितले तसे पोते पुढे देत होता. मला त्या दोघांचेही कौतुक वाटले. पुढारपण त्या त्या कामाचे असते आणि काम बदलले की ते शांतपणे दुसऱ्याच्या हाती द्यायचे असते, हे त्या दोघांनी मिळून बाकीच्यांना दाखवले. शेतकऱ्याच्या मुलाला जे येते त्याला आपल्या परीक्षेत गुण नाहीत. ओढ्यावर आहेत.

मुलींबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. अनेक शिबिरांत अजूनही मुले ओढ्यावर आणि मुली स्वयंपाकात अशी वाटणी आपोआप होते. ती होऊ देता कामा नये. स्वयंपाकाच्या पाळ्या सगळ्या गटांवर फिरवल्या की मुलांना पन्नास माणसांची भाकरी-आमटी वेळेवर तयार करणे हे केवढे नियोजनाचे काम आहे ते समजते आणि मुलींना पाण्यात उतरून रचता येते. एका ताटात जेवणे, एकाच कळशीचे पाणी पिणे, एका खोलीत झोपणे, यातून जातीपातीच्या ज्या अदृश्य रेघा गावागावांत आहेत त्याही सात दिवस पुसट होतात. कायमच्या जातात असे मी म्हणणार नाही.

कधी कधी सरपंच मनापासून म्हणतात, “कशाला पोरांचे हाल करता? जेसीबी लावून देतो, दोन तासांत मोकळे.” गावाला पाणी हवे असते आणि त्यांची सूचना चुकीची नसते. मोठे काम असेल तर यंत्र जरूर लावावे. पण शिबिराचा खर्च शिक्षणाच्या नावाने होतो आणि यंत्राने पाया खणून दिला तर मुलांनी शिकायचे तेच नेमके वगळले जाते. पोत्यांचा बंधारा हातांनीच बांधायचा असतो. त्याचा आकार पन्नास मुलांच्या आठवड्याला पेलेल एवढाच असतो, म्हणून तर तो शिबिरासाठी इतका योग्य आहे.

खेळ आणि खरे काम यांची सांगड घालता येते, हे पाणी फाउंडेशनने सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये दाखवले. २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ४५ दिवसांची ती पहिली स्पर्धा झाली आणि कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले. स्पर्धेआधी गावांतल्या निवडक लोकांना निवासी प्रशिक्षण दिले जाई. त्यात पाणलोटाच्या शास्त्राबरोबर गट बांधण्याचे खेळही असत. खेळ संपला की लोक थेट आपल्या शिवारात जाऊन समतल चर खोदू लागत. त्याच्याही खूप आधी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. महाराष्ट्रात सामाजिक काम करणाऱ्या कितीतरी माणसांच्या आयुष्याला तिथे वळण मिळाले. या दोन्ही उपक्रमांत प्रशिक्षण आणि श्रम वेगळे काढलेले नव्हते. आपल्या महाविद्यालयांत मात्र ते वेगळे पडले आहेत. नेतृत्वाची कार्यशाळा सभागृहात होते, श्रमदान गावात होते आणि दोन्हीकडची मुले वेगवेगळी असतात.

आता वेळापत्रकाकडे येते. पहिल्या सत्राच्या परीक्षा दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि लांबत लांबत डिसेंबरात जातात. त्यामुळे शिबिरे जानेवारीत, कुठे कुठे फेब्रुवारीत भरतात. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत तोवर ओढे आटलेले असतात. कोरड्या ओढ्यात बंधारा बांधता येतो, त्यापुढे फलक धरून छायाचित्र काढता येते, अहवालात ‘वनराई बंधारा : एक’ अशी नोंदही करता येते. पण त्या बंधाऱ्याला कुणी तपासत नाही. पाया कच्चा राहिला का, सांधे नीट मोडले का, माती चोपली का, याचा जाब विचारणारे पाणीच तिथे नसते. ज्या कामात चूक उघडी पडत नाही त्यात गटही तयार होत नाही. चुकीचे खापर कुणावर फोडायचे आणि ते न फोडता सगळ्यांनी मिळून गळती कशी शोधायची, हा प्रसंगच येत नाही. ओढ्यात पाणी असते तेव्हा बंधारा बांधून झाल्यावर खालच्या अंगाला गढूळ धार दिसते, आणि ती कुठून येते ते शोधत मुले तासभर वरच्या बाजूला चिखल दाबत बसतात. माझ्या मते शिबिरातला सर्वांत शिकवणारा तास तोच.

सिंधुदुर्गात दरवर्षी पाऊस संपताच कच्च्या आणि वनराई बंधाऱ्यांची मोहीम चालते, कारण तिथल्या लोकांना वेळेचे महत्त्व पक्के ठाऊक आहे. कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात ओढे आटण्याची वेळ वेगवेगळी आहे, म्हणून साऱ्या राज्याला एकच आठवडा नको. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या जिल्ह्यांतला ओढा कधी आटतो ते विचारून तो ठरवावा. जिल्हा समन्वयकांना आणि कृषी सहायकांना ते लगेच सांगता येईल.

दुसरी विनंती शिबिरातल्या कामाबद्दल आहे. सात दिवसांतले बहुतेक श्रमदान एकाच बांधकामावर व्हावे, असे परिपत्रकातच लिहावे. बंधारा शक्य नसेल तिथे शेततळ्याची दुरुस्ती, शाळेची दगडी भिंत, विहिरीचा कठडा, काहीही चालेल, पण ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्याच मुलांनी केलेले असावे आणि शिबिर संपल्यावरही गावाच्या उपयोगी पडावे. बौद्धिके कमी झाली तरी चालतील. जी होतील ती त्या कामाला धरून व्हावीत. भूजल, माती, ओढ्याचा इतिहास, गावातल्या पाण्याचे वाटप यांवर बोलायला गावातच माणसे मिळतात.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात राष्ट्रीय सेवा योजनेला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ते श्रेयांक हजेरी, छायाचित्रे आणि बांधीव अहवाल यांवर दिले जाऊ लागले तर मुलेही त्याच गोष्टी जमवतील. त्याऐवजी प्रत्येक गटाने कामाची एक वही ठेवावी. आज काय ठरवले, कुठे अडले, कुणाच्या सूचनेने सुटले, उद्या काय वेगळे करायचे, हे रोज रात्री तिच्यात त्यांनीच लिहावे. आणि त्याच मुलांना फेब्रुवारीत एका दिवसासाठी पुन्हा ओढ्यावर न्यावे. पाणी कुठवर टिकले, बंधारा कुठे खचला, गावकऱ्यांनी तो राखला की पोती काढून नेली, हे त्यांनी स्वतः पाहावे, शेतकऱ्यांशी बोलावे आणि वहीचे शेवटचे पान तिथे बसून लिहावे. मूल्यमापन त्या वहीवर व्हावे. या एका दिवसाच्या प्रवासखर्चाची तरतूद विद्यापीठाने केली तर प्राचार्य नाही म्हणणार नाहीत.

कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणातही थोडा बदल हवा. आम्हाला हिशेब कसा ठेवायचा, अहवाल कुठल्या नमुन्यात पाठवायचा हे शिकवले जाते. एकदा आम्हालाही ओढ्यावर नेऊन आमच्याच हातांनी बंधारा बांधून घ्यावा. मुलांच्या हाती काम देऊन आपण बाजूला उभे राहणे आमच्यापैकी अनेकांना अवघड जाते आणि ते शिकल्याशिवाय मुलांना नेतृत्वाची संधी मिळत नाही.

यातले बहुतेक निर्णय आपल्या अधिकारात आहेत. राज्य शासनाकडे, दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. येत्या वर्षाच्या वेळापत्रकावर सही करण्याआधी आपल्या रासेयो संचालकांना बोलावून विचारा की आपल्या विद्यापीठातली किती शिबिरे ओढ्यात पाणी असताना भरतात. उत्तर ऐकून दिवाळीनंतरचा एक आठवडा परीक्षा विभागाकडून मोकळा करून घ्या. पोती, दाभण, सुतळी आणि फावडी आम्ही जमवतो.

आपली,
एक कार्यक्रम अधिकारी,
राष्ट्रीय सेवा योजना